कोरड्या हाडांचे खोरे

मोशेच्या नियमशास्त्राने याजकाला प्रेताचा विटाळ निषिद्ध ठरवला होता. आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ आणि लग्न न झालेली बहीण एवढ्याच रक्ताच्या माणसांपुरती त्याला सूट होती. बुजीचा मुलगा यहेज्केल हा अशाच याजकघराण्यातला. त्याच्या नावावर असलेल्या ग्रंथातला ३७वा अध्याय ज्या दृश्याने सुरू होतो, ते ऐकताना त्याच्या काळच्या श्रोत्यांच्या अंगावर काटा उभा राहिला असणार. परमेश्वराचा हात या याजकाला उचलून एका खोऱ्यात नेतो आणि तिथे पसरलेल्या माणसांच्या हाडांभोवती फिरवतो. हाडे पुष्कळ आहेत आणि पार सुकून गेलेली आहेत. ही पुन्हा जिवंत होतील का, असा प्रश्न त्याला विचारला जातो. यहेज्केल ना होय म्हणतो, ना नाही. ते तुलाच ठाऊक, असे उत्तर तो देतो.

मग त्याला त्या हाडांशीच बोलायची आज्ञा होते. तो बोलतो, तसा खडखडाट सुरू होतो आणि हाडाला हाड जुळत जाते. त्यांवर स्नायू येतात, मांस चढते, वर कातडी येते. तरीही ते सगळे निपचित पडलेले असतात, कारण त्यांच्यात श्वास नसतो. तेव्हा दुसरी आज्ञा होते. संदेष्ट्याने आता वाऱ्याला हाक मारायची. चारही दिशांचा वारा त्या देहांत शिरतो आणि एक अफाट सैन्य आपल्या पायांवर उभे राहते.

जेमतेम १४ वचनांत हे सारे आटोपते. पण त्याचा अर्थ काय, यावरचा वाद अडीच हजार वर्षे चालू आहे. या अध्यायाकडे वळलेली माणसे बहुतेक वेळा हरलेली, हद्दपार झालेली किंवा आप्त गमावलेली होती. त्यांनी तो समजून घेतला आणि आपापल्या जागी जपूनही ठेवला: जमिनीखाली पुरला, भिंतीवर रंगवला, सणाच्या वाचनात बसवला, दारावर कोरला. या जागांच्या मागोमाग गेले की अध्यायाचा इतिहास उलगडतो.

सुरुवात बाबेलमध्ये होते. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम नमवले आणि तरुण राजा यहोयाखीन, दरबारी, सैनिक व कारागीर यांना पकडून नेले. त्या बंदिवानांत यहेज्केल होता. खबार नावाच्या कालव्याकाठी तेल-अबीब या वस्तीत तो राहू लागला. या हद्दपारीचे पुरावे बायबलबाहेरही सापडतात. रॉबर्ट कोल्डेवाय यांनी बाबेलच्या उत्खननात बाहेर काढलेल्या मातीच्या पाट्यांवर राजवाड्याच्या कोठारातून वाटलेल्या तेलाचा हिशेब आहे. त्यात यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांचा उल्लेख येतो. त्यांतल्या एका पाटीवर इ.स.पू. ५९२ हे वर्ष येते. पाट्यांच्या दुसऱ्या एका संग्रहात 'अल-याहुदू', म्हणजे यहूदाचे गाव, असा उल्लेख आहे. इ.स.पू. ५७२ पासूनच्या या नोंदींत हद्दपार माणसे जमीन कसतात, सारा भरतात, कर्जाचे करार करतात. म्हणजे पोटापाण्याची सोय लागली होती, पण जगण्याचा आधार गेला होता. यरुशलेमचे मंदिर उभे आहे तोवर परतीची आशा होती. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास तेही जळाले. त्याच सुमारास यहेज्केलची बायको वारली. तिच्यासाठी रडायचे नाही, असा त्याला हुकूम होता, कारण त्याचे मूक दुःख हीच लोकांसाठी खूण ठरणार होती.

नगर पडल्याची बातमी एका पळून आलेल्या माणसाने आणली, ती ३३व्या अध्यायात येते. त्यानंतर चार अध्यायांनी हाडांचे खोरे दिसते. यहेज्केल आपल्या दर्शनांवर सहसा वर्ष, महिना आणि दिवस घालतो, पण या दर्शनाला तारीख नाही. प्रत्येक पिढीला ते आपल्या काळात ऐकावे लागते म्हणून ते बिनतारखेचे आहे, असे ऑश्विट्झमधून वाचलेल्या एली वीझेल यांनी सुचवले होते.

उघड्यावर पडलेली हाडे त्या काळात ठरावीक अर्थ सांगत. अश्शूरच्या राजांनी मांडलिकांशी केलेल्या तहांत शाप असत की करार मोडणाऱ्याचे प्रेत कुत्री आणि गिधाडे खातील, त्याला मूठमाती मिळणार नाही. मोशेच्या नियमशास्त्रातल्या अनुवाद नावाच्या ग्रंथातही करार मोडणाऱ्यांसाठी असाच शाप आहे. खोऱ्यातली हाडे म्हणजे तो शाप पुरता फळाला आल्याची साक्ष होती. त्यामुळे दर्शनानंतर येणारा खुलासा श्रोत्यांना लगेच समजला असेल. ही हाडे म्हणजे सगळे इस्राएल घराणे, असे परमेश्वर सांगतो. आमची हाडे सुकली, आशा संपली, आम्ही तुटून पडलो, असे हद्दपार लोक म्हणत होते. तेच गाऱ्हाणे उचलून दर्शनाने चित्र करून दाखवले होते. पण खुलाशाच्या मध्यावर चित्र बदलते. रणांगणाच्या जागी कबरी येतात. परमेश्वर कबरी उघडणार, लोकांना बाहेर काढणार, त्यांच्यात आपला आत्मा घालणार आणि त्यांना त्यांच्या भूमीत वसवणार.

इ.स.पू. ५३९ मध्ये पारसचा राजा कोरेश याने बाबेल जिंकले आणि पुढच्या वर्षी यहूद्यांना परतीची वाट मोकळी झाली. राष्ट्र पुन्हा उभे राहील एवढाच अध्यायाचा अर्थ असता, तर त्याचे काम तिथेच संपले असते. पण उघडलेल्या कबरींचे ते वाक्य मागे राहिले आणि पुढच्या माणसांनी ते शब्दशः धरले.

इ.स.पू. १६७ च्या सुमारास अँटिओकस चौथा या सेल्युकिड राजाने यहूदी धर्माचरणावर बंदी घातली. नियम पाळले म्हणून माणसे मारली गेली. अशा वेळी राष्ट्र परत उभे राहील हे उत्तर पुरेसे नव्हते. जी माणसे मेली त्यांचे काय, हा प्रश्न उरत होता. मृत समुद्राजवळच्या कुमरान इथल्या चौथ्या गुहेत १९५२ मध्ये मिळालेल्या गुंडाळ्यांच्या तुकड्यांत एका अज्ञात लेखकाने यहेज्केलची कथा नव्याने मांडलेली आहे. तीत संदेष्टा विचारतो की ज्यांनी तुझ्या नावावर प्रेम केले आणि नीतीने वागले, त्यांना फळ कधी मिळणार? उत्तर म्हणून त्याला हाडांचे खोरे दाखवले जाते. आज आपल्याला माहीत असलेले, या दर्शनाला मृतांच्या पुनरुत्थानाशी जोडणारे हे सर्वांत जुने वाचन आहे.

इ.स. ७३ किंवा ७४ मध्ये मृत समुद्राकाठचा मसादा हा किल्ला रोमन सैन्याने घेतला. तिथे तग धरून बसलेल्या यहूदी बंडखोरांनी तटाला लागून सभास्थान केले होते. १९६३ ते १९६५ या काळात यिगाएल यादीन यांनी मसादाचे उत्खनन केले, तेव्हा त्या सभास्थानाच्या मागच्या खोलीत जमिनीखाली दोन खड्डे सापडले. एकात अनुवाद ग्रंथाच्या शेवटाचे तुकडे होते आणि दुसऱ्यात यहेज्केलच्या गुंडाळीचे. त्यांत ३७वा अध्याय आहे. जीर्ण पवित्र लेखन फेकायचे किंवा जाळायचे नाही, जपून पुरायचे, ही यहूदी रीत. त्यामुळे हे तुकडे तिथे मुद्दाम निवडून ठेवले होते, असे म्हणता येत नाही. तरीही वेढ्यातल्या माणसांपाशी हाडांचे खोरे होते, हे नक्की.

त्या तुकड्यांचे आणखी एक मोल आहे. इजिप्तमध्ये १९३१ च्या सुमारास मिळालेल्या एका ग्रीक पपायरसवर, अभ्यासकांच्या यादीत ज्याला ९६७ हा क्रमांक आहे, यहेज्केलचे अध्याय वेगळ्या क्रमाने येतात. तिथे गोग राजाच्या स्वारीचे ३८ आणि ३९ हे अध्याय आधी आहेत आणि हाडांचे खोरे त्यांच्यानंतर. नेहमीच्या क्रमात वाचले तर हाडांचा उठाव ही हद्दपारीतून परतीची नांदी ठरते आणि गोगची लढाई पुढची. पपायरसच्या क्रमात लढाई होऊन गेलेली आहे आणि हाडे उठतात ती जगाच्या अंतिम पर्वात. अध्यायाची जागा बदलताच अर्थही बदलतो. मसादाच्या तुकड्यांत नेहमीचाच क्रम आहे. म्हणजे पहिल्या शतकात निदान एका ठिकाणी तो रूढ झालेला होता.

दुसऱ्या शतकात बार कोखबाचे रोमविरुद्धचे बंड चिरडले गेले आणि यरुशलेममध्ये यहूद्यांना मज्जाव झाला. त्या काळच्या रब्बींचा वाद तालमूदमध्ये सन्हेद्रीन प्रकरणात नोंदलेला आहे. रब्बी एलिएझर म्हणाले की यहेज्केलने उठवलेले मृत पायांवर उभे राहिले, स्तोत्र गायले आणि लगेच मेले. रब्बी यहूदांनी सांगितले की खरे तर तो दृष्टान्त होता. त्यावर रब्बी नेहेम्यांनी त्यांना टोकले की खरे म्हणता तर दृष्टान्त कसा, आणि दृष्टान्त म्हणता तर खरे कसे? गालीलकर रब्बी योसेंचे पुत्र एलिएझर तर आणखी पुढे गेले. त्यांच्या मते ते मृत इस्राएलच्या भूमीत परतले, त्यांनी लग्ने केली, त्यांना मुलेबाळे झाली. तेव्हा रब्बी यहूदा बेन बेतेरा उभे राहिले. आपण त्यांच्याच वंशातले आहोत आणि आपल्या आजोबांनी आपल्याला दिलेले तेफिलीन त्यांच्याकडूनच आलेले आहे, असे त्यांनी सांगितले. प्रार्थनेच्या वेळी दंडाला आणि कपाळाला बांधायच्या त्या चामडी पेट्या हाच त्यांचा पुरावा.

ती हाडे मुळात कोणाची, यावरही त्याच पानावर मते आहेत. राव नावाच्या रब्बीने दिलेले उत्तर विचारात पाडणारे आहे. ती एफ्राईमच्या वंशजांची, ज्यांचा मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, सुटकेच्या काळाचा हिशेब चुकला, जे वेळेआधी निघाले आणि वाटेत मारले गेले. म्हणजे अधीर होऊन मेलेल्यांनाही परमेश्वर उठवतो, अशी सांत्वना त्या उत्तरात आहे आणि अधीरतेबद्दल ताकीदही.

सभास्थानांनी हा वाद सोडवण्याऐवजी अध्यायाला वर्षातली वेळ दिली. वल्हांडणाच्या आठवड्यातल्या शब्बाथला हाडांचे दर्शन वाचायचे, असे तालमूदनेच सांगितले आहे. दहाव्या-अकराव्या शतकातले बगदादजवळचे धर्मपंडित हाय गाओन यांनी परंपरेतून आलेले कारण दिले की मृतांचे पुनरुत्थान निसान महिन्यात, म्हणजे वल्हांडणाच्याच महिन्यात, होईल. मिसरच्या दास्यातून सुटल्याचा सण आणि मृत्यूतून सुटण्याची आशा अशी एकाच आठवड्यात आली.

ख्रिस्ती लेखकांनाही हा अध्याय हवा होता, पण वेगळ्या लढाईसाठी. देह पुन्हा उठणार नाही, आत्माच काय तो टिकेल, असे म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या टर्टुलियनने हाडांचे खोरे पुढे केले. हे फक्त यहूदी राष्ट्राचे रूपक आहे, असा आक्षेप त्याला ठाऊक होता. त्याचे उत्तर असे की जे कधी घडणारच नाही त्याचे रूपक होत नाही. बेथलेहेममध्ये राहणाऱ्या जेरोमने यहेज्केलवर भाष्य लिहायला घेतले होते. तेवढ्यात ४१० साली अलारिकच्या गॉथांनी रोम लुटल्याची बातमी आली. पळून आलेले रोमन दारात उभे राहू लागले आणि भाष्य थांबले. ते ४१४ च्या सुमारास पूर्ण झाले. त्यात जेरोमने मान्य केले की खोरे इस्राएलच्या पुनर्वसनाबद्दल बोलते. पुनरुत्थानावर लोकांचा विश्वास होता म्हणूनच ते रूपक वापरता आले, हे मात्र त्याने टर्टुलियनसारखेच धरून ठेवले.

वादाच्या या गर्दीत सीरियातल्या एका गावाने रंगांनी उत्तर दिले होते. फरात नदीकाठच्या दुरा-युरोपस या रोमन सरहद्दीवरच्या नगरात यहूद्यांनी आपले सभास्थान नव्याने बांधले, त्यावर इ.स. २४४-४५ या वर्षाचा लेख आहे. आत चारही भिंतींवर बायबलमधले प्रसंग रंगवलेले होते. उत्तरेच्या भिंतीवर खालच्या पट्ट्यात यहेज्केल ओळीने पुन्हा पुन्हा येतो. वरून परमेश्वराचे हात उतरतात, डोंगर दुभंगतो, जमिनीवर शिरे आणि अवयव विखुरलेले दिसतात. चार वारे ग्रीक चित्रांतल्या सायकीसारखे, पंख असलेल्या कन्यांच्या रूपात येतात. शेवटी जिवंत झालेली माणसे रांगेत उभी राहतात. २५६ च्या सुमारास ससानी फौज चालून आली, तेव्हा तट भक्कम करण्यासाठी रोमन सैनिकांनी त्याला लागून असलेली घरे मातीने भरली. नगर पडले ते कायमचे, पण त्या भरावाने चित्रे वाचवली. १९३२ मध्ये क्लार्क हॉपकिन्स यांच्या पथकाने ती उघडी केली. आज ती दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. यहूदी सभास्थानात माणसांची चित्रे असूच शकत नाहीत, हा तोवरचा समज त्या भिंतींनी खोटा ठरवला.

अध्यायाचा उत्तरार्ध कमी प्रसिद्ध असला, तरी त्यानेही इतिहास घडवला आहे. यहेज्केल दोन काठ्या घेतो. एकीवर यहूदाचे नाव लिहितो आणि दुसरीवर योसेफाचे, मग दोन्ही हातात धरून एक करतो. योसेफाची काठी म्हणजे इ.स.पू. ७२२ मध्ये अश्शूरने पाडलेले उत्तरेचे राज्य, ज्याचे दहा वंश पुढे हरवले असे मानले गेले. त्या हरवलेल्यांना शोधण्याच्या ध्यासाने लोक जगभर फिरले. १८३० मध्ये अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी मॉर्मनचा ग्रंथ छापला. त्यांच्या अनुयायांनी योसेफाची काठी म्हणजे हाच ग्रंथ असे मानले.

हा शोध कोकणच्या किनाऱ्यालाही लागला. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, मराठी बोलणारे बेने इस्राएल हे दहा वंशांचे वारस असावेत, असे मुंबईतले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांना वाटत होते. त्या समाजात संदेष्ट्याचे नाव केव्हाचेच मराठी होऊन गेले होते. यहेज्केलचा हसाजी झाला होता, शमुवेलचा समाजी. १७९६ मध्ये मुंबईतले पहिले सभास्थान बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हे आपल्या माणसांत समाजी हसाजी दिवेकर होते. १९४८ नंतर या समाजातले बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तिथे मात्र त्यांच्या विवाहांच्या बाबतीत धर्मपीठाने वंशाची चौकशी लावली. उपोषणे आणि निदर्शने झाली. १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहूदी आहेत असे जाहीर केले. आजोबांच्या तेफिलीनवर एका रब्बीचा दावा तालमूदमध्ये टिकला, पण शतकानुशतके शब्बाथ पाळलेल्या या माणसांना आपले यहूदीपण रस्त्यावर उतरून सिद्ध करावे लागले.

अटलांटिकपलीकडे अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनीही हे खोरे ओळखले. आपले कुळ, भाषा आणि नाव हिरावले गेलेल्या माणसांना तुटून पडलेल्या हाडांचे गाऱ्हाणे समजावून सांगावे लागत नव्हते. त्यांच्या चर्चमधून यहेज्केल गाण्यांत आणि प्रवचनांत उतरला. जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चालीवरचे हाडाला हाड जुळवणारे गीत १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित झाले आणि पुढे शाळकरी मुले शरीराची ओळख करून घ्यायला तेच म्हणू लागली. डेट्रॉइटचे धर्मगुरू सी. एल. फ्रँकलिन यांचे कोरड्या हाडांवरचे प्रवचन ध्वनिमुद्रिकेवरून घरोघरी ऐकले गेले.

युरोपात गालिशियात जन्मलेला कवी नफ्ताली हर्त्झ इंबर याने १८७० च्या दशकाच्या अखेरीस एक हिब्रू कविता लिहिली. हद्दपार लोकांनी आशा संपल्याचे म्हटले होते. इंबरच्या ध्रुपदाने त्यालाच उलटे उत्तर दिले की आशा अजून गेलेली नाही. ती कविता पुढे इस्राएलचे राष्ट्रगीत झाली. कायद्याने तिला तो दर्जा २००४ मध्ये मिळाला. मधल्या काळात नाझींनी साठ लाख यहूदी मारले होते. यरुशलेममधल्या त्यांच्या याद वाशेम या स्मारकाच्या प्रवेशद्वारावर याच अध्यायाचे १४वे वचन कोरलेले आहे, ज्यात श्वास आणि भूमी या दोन्ही गोष्टी देण्याचे वचन आहे.

इथून वाद पुन्हा पेटतो. अमेरिकेतल्या अनेक ख्रिस्ती उपदेशकांनी इस्राएलच्या १९४८ मधल्या राज्यस्थापनेत दर्शनाची पहिली पायरी पाहिली. देह जुळला, श्वास अजून यायचा आहे, असे ते सांगत. हॅल लिंडसी यांच्या १९७० मधल्या अतिशय खपलेल्या पुस्तकाने यहेज्केलच्या अध्यायांचे जणू वेळापत्रकच करून टाकले. उलट सातमार पंथाचे रब्बी योएल टाइटेलबाउम यांनी मसीहाआधी माणसांनी राज्य उभारणे हे देवाविरुद्धचे बंड मानले. वेळेआधी निघालेल्या एफ्राईमी लोकांची रावने सांगितलेली गोष्ट विसाव्या शतकात अशी पुन्हा बोलू लागली.

आणि त्या भूमीवर आधीपासून राहणारी माणसे होती. १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. बेसान गावातून कुटुंबासह हाकलला गेलेला ११ वर्षांचा नईम अतीक पुढे अँग्लिकन धर्मगुरू झाला. आपल्या १९८९ मधल्या पुस्तकात त्यांनी लिहिले की पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांना जुना करार वाचणे कठीण झाले आहे, कारण त्यातली वचने त्यांच्याच घरांवर हक्क सांगण्यासाठी पुढे केली जातात. त्यांची वेदना खरी आहे आणि याद वाशेमच्या दारातून आत जाणाऱ्यांचीही खरी आहे. या अध्यायाचे प्रामाणिक वाचन करणाऱ्याला दोन्ही सोबत घेऊनच वाचावे लागते. पॅलेस्टिनी ख्रिस्ती धर्मचिंतक आता त्याच ग्रंथात दहा अध्याय पुढे बोट ठेवतात. ४७व्या अध्यायात परतलेल्या लोकांमध्ये जमिनीची वाटणी होते, तेव्हा यहेज्केल सांगतो की तुमच्यात राहणाऱ्या आणि ज्यांना तुमच्यात मुलेबाळे झाली अशा परक्यांनाही त्या वंशांच्या बरोबरीने वतन द्यायचे, आणि ते जिथे राहतात तिथेच द्यायचे.